हुंडणावळ आणि बट्टा: परमुलखीं पैसा पाठविण्याची जुनी रीत

इतिहासाच्या साधनांत राजकीय पत्रांस जो मान मिळतो, तो हिशेबी कागदांस अद्यापि मिळत नाहीं. जुन्या घराण्याचें दप्तर उघडलें म्हणजे संशोधकाचा हात प्रथम सनदांकडे, महजरांकडे व वकिलांच्या पत्रांकडे जातो. सावकारी रुमाल बहुधा तळाशींच राहतो. त्यांतील लहान लहान चिठ्ठ्या, भरणा झालेल्या हुंड्या, नाण्यांच्या बट्ट्याचीं टिपणें हें सारें रद्दींत जमा होतें. प्रस्तुत लेखांत या उपेक्षित कागदांपैकीं हुंडीचा विचार करावयाचा आहे, आणि तोहि विशेषतः एका दृष्टीनें. दूरच्या मुलखांत वारंवार पैसा पाठविणाऱ्यास त्यांत किती तोटा सोसावा लागे, तो कशामुळें लागे, आणि जाणता मनुष्य तो कमी कसा करी, हा आमचा प्रश्न आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, एका गांवचा रुपया दुसऱ्या गांवीं पोंचविण्यास जें मोल पडे, त्यांत तीन निरनिराळ्या गोष्टी एकवटलेल्या असत: नाण्याचा बट्टा, हुंडणावळ आणि मुदतीचें व्याज. या तीन वेगळ्या काढल्याशिवाय जमाखर्चांतील आंकडा वाचणें म्हणजे वजन न पाहतां नुसतीं नाणीं मोजण्यासारखें आहे.

१. रुपया म्हणजे कोणता रुपया?

आज ‘शंभर रुपये’ म्हटलें म्हणजे कोणते, असें कोणी विचारीत नाहीं. अठराव्या शतकांतल्या मनुष्यास हा पहिलाच प्रश्न पडे. मोगल अंमलांत चालू सालाच्या शिक्क्याच्या रुपयास पुरा भाव असे. साल उलटलें कीं त्यावर बट्टा बसे. बंगाल्यांत नवा सिक्का रुपया दुसऱ्या सालीं शेंकडा तीन व त्यापुढें शेंकडा पांच कमी भावानें चाले, अशी वहिवाट होती. म्हणजे चांदी तीच, वजनांत फारसा फरक नाहीं, तरी केवळ शिक्क्यावरील सालामुळें मोल उतरे. हा फरक सराफाच्या उत्पन्नाचें एक मोठें साधन झाला होता.

महाराष्ट्रांत हा घोळ आणखी वाढला. मोगली सत्ता ढिली पडल्यावर टांकसाळी ठिकठिकाणीं निघाल्या. पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, बागलकोटचा मल्हारशाही हे रुपये तर होतेच. त्यांत सुरतेचा सुरती, कर्नाटकाकडून येणारा अर्काटी व निजामाच्या मुलखांतील नाणीं यांची भर पडे. न्यायमूर्ति रानडे यांनीं मराठ्यांच्या नाण्यांवर व टांकसाळींवर इंग्रजींत जो निबंध लिहिला, त्यावरून ही विविधता किती होती याची चांगली कल्पना येते. या बहुतेक नाण्यांवर नांव दिल्लीच्या बादशहाचें, पण चांदीचा कस, वजन व झीज ज्याची त्याची. म्हणून एकाच बाजारांत दोन रुपयांची किंमत एक नसे, आणि एकाच रुपयाची किंमत दोन बाजारांत एक नसे.

बट्टा नेहमीं चांदीच्या कसावरच ठरे असें मात्र समजूं नये. ज्या परगण्यांत सरकारी वसूल अमुकच नाण्यांत घेतला जाई, तेथें त्या नाण्यास मागणी असे व तें चांदीच्या मोलाहून चढत्या भावानें चाले. तेंच नाणें शेजारच्या परगण्यांत नेलें तर सराफ त्यास केवळ धातूच्या भावानें घेई. ‘चलन’ या शब्दाचा मूळ अर्थच असा कीं, जें त्या ठिकाणीं चालतें तें. हा अर्थ ध्यानांत धरला, तर हुंडीच्या मजकुरांत नाण्याचा उल्लेख इतक्या कटाक्षानें कां करीत, हें उघड होतें.

२. हुंडीचें स्वरूप

पैसा पाठविण्याचे मार्ग दोन. रोकड उंटावर किंवा बैलावर घालून स्वारशिबंदीसह नेणें हा एक, आणि सावकाराची हुंडी करणें हा दुसरा. पहिल्यांत वाटमारीचें भय, जकातीचा व शिबंदीचा खर्च, आणि तेथें पोंचल्यावर परक्या नाण्यावर बट्टा. दुसऱ्यांत पैसा हालतच नाहीं. पुण्याच्या पेढीवर रुपये भरावयाचे. पेढीवाल्यानें काशीच्या आपल्या आडत्यावर चिठ्ठी लिहावयाची. आडत्यानें ती पाहून तेथील चलनांत रुपये द्यावयाचे. पुढें दोन्ही पेढ्यांचा जमाखर्च परस्परांत वळता होई.

हुंड्यांचे प्रकार संग्राहकांनीं ओळखून ठेवण्याजोगे आहेत. दाखवितांच पैसे मिळावयाचे ती दर्शनी. ठराविक दिवसांनीं मिळावयाचे ती मुदती. ज्याचें नांव लिहिलें त्यासच पैसे द्यावयाचे ती नामजोग. बाजारांत पत असलेल्या शहास, म्हणजे प्रतिष्ठित व्यापाऱ्यासच, द्यावयाचे ती शहाजोग. शेवटल्या प्रकारांत चोराच्या हातीं हुंडी गेली तरी ती वटविण्यास त्याला कोणी पतवान मध्यस्थ पाहावा लागे. आणि खोटी ठरल्यास त्या मध्यस्थाकडून पैसे परत घेतां येत. याखेरीज जोखमी हुंडी म्हणून एक प्रकार आहे. तींत माल सुखरूप पोंचला तरच पैसे द्यावयाचे, वाटेंत बुडाला तर नाहीं. हुंडी आणि विमा हे दोन व्यवहार तींत एकजीव झालेले दिसतात.

मजकुरांतहि मोठी दक्षता असे. रक्कम आंकड्यांत, मग अक्षरीं, आणि पुन्हा तिचें निमे सांगून ‘त्याची दुप्पट पुरी’ असें लिहीत, कीं कोणी खाडाखोड करून शंभराचे हजार करूं नयेत. हुंडी वाटेंत गहाळ झाल्यास दुसरी प्रत देत ती पेठ. तीहि हरवल्यास तिसरी ती परपेठ. पैसे चुकते झाल्यावर हुंडी निकामी होऊन सावकाराच्या दप्तरांत राही, तिला खोका म्हणत. संग्राहकांच्या हातीं येतात ते बहुधा हे खोकेच. इतकी व्यवस्था ज्या व्यवहारास लागे, तो व्यवहार क्वचित्काचा नव्हता हें उघड आहे.

३. हुंडणावळ कशावर चढे व उतरे

फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये सतराव्या शतकांत या देशांत अनेक वेळां आला. १६७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवृत्तांत सुरतेवरील हुंड्यांचे दर गांववार दिले आहेत. लाहोरास रुपये उचलून ते सुरतेस फेडावयाचे तर शेंकडा सव्वासहा, आग्र्यास सव्वाचार ते पांच, बऱ्हाणपुरास अडीच ते तीन, अहमदाबादेस एक ते दीड, काशीस सहा, पाटण्यास सात ते आठ, आणि ढाक्यास दहा. अंतर वाढलें तसा दर वाढला, हें तर दिसतेंच. पण तो आणखी सांगतो कीं, ढाका, पाटणा व काशी येथून सुरतेवर थेट हुंडी होत नसे. आधीं आग्र्यावर व तेथून सुरतेवर अशी दोन टप्प्यांनीं ती करावी लागे. मार्गांतील एखादा राजा वा जमीनदार व्यापारास उपद्रव देऊं लागला, कीं हाच दर शेंकडा एक दोन रुपयांनीं चढे, असेंहि त्यानें लिहून ठेविलें आहे.

या दरांत एक मर्म आहे, तें वाचकांनीं सोडूं नये. ताव्हेर्निये हा पैसा उचलणाऱ्याच्या बाजूनें बोलत आहे. आग्र्यास नीळ किंवा कापड घेण्यासाठीं ज्याला रोकड हवी, तो तेथें शंभर घेतो व सुरतेस माल विकून एकशें चार पांच फेडतो. अर्थात् ज्याच्याजवळ आग्र्यास पैसा पडून आहे व ज्याला तो सुरतेस हवा आहे, त्याला पैसा पाठविण्यास खर्च न होतां उलट कांहीं रुपये अधिक मिळतात. त्या अधिकांत मुदतीचें व्याज आहे, जोखमीचा मोबदला आहे, आणि आग्र्याच्या बाजारांतली रोकडीची टंचाईहि आहे.

म्हणून ‘हुंडणावळ म्हणजे पैसा पाठविण्याचा खर्च’ ही जी समजूत आहे, ती अर्धीच खरी. दोन गांवांमध्यें ज्या दिशेनें पैसा जाऊं पाहणारे फार, त्या दिशेस हुंडणावळ द्यावी लागे. उलट दिशेनें पाठविणारा ती न देतां, कित्येकदां पदरांत पाडूनच घेई. पिकाच्या मोसमांत व्यापाऱ्यांस आंतल्या पेठांत खरेदीसाठीं रोकड लागे. त्या वेळीं आंतून बंदराकडे पैसा पाठविणाऱ्याची चंगळ होई व बंदराकडून आंत पाठविणाऱ्यास दर जड जाई. मोसम संपला कीं पारडें फिरे.

४. दरसाल पाठवणी करणारे

नियमितपणें मोठी रक्कम परमुलखीं धाडणारीं सर्वांत मोठीं गिऱ्हाइकें म्हणजे राज्येंच होत. बंगालचा वसूल दिल्लीस जावयाचा तो पूर्वीं रोकडीनें गाड्यांवर जाई. पुढें मुर्शिदाबादेच्या जगत्‌शेठांच्या पेढीनें तो हुंडीनें पोंचविण्याचें काम उचललें, आणि त्या एका कामामुळें ती पेढी सुभ्याच्या राजकारणांत सुभेदाराइतकीच वजनदार झाली. पैसा पाठविणारा कोणीहि असो, तो ज्याच्या हातून जातो त्याच्या मुठींत सत्तेची एक दोरी येते, याचें इतकें ठळक उदाहरण दुसरें सांपडणें कठीण.

मुंबईकर इंग्रजांची गोष्टहि अशीच. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबई इलाख्याचें उत्पन्न खर्चास पुरत नसे. मराठ्यांशीं युद्ध जुंपलें म्हणजे तर मुळींच नाहीं. ती तूट बंगालच्या पैशानें भरून काढावयाची, आणि तो पैसा काशीच्या गोपाळदास मनोहरदास यांसारख्या पेढ्यांच्या व सुरतेच्या अर्जुनजी नाथजी त्रवाडी यांसारख्या सावकारांच्या हुंड्यांनीं पश्चिम किनाऱ्यास पोंचावयाचा. कंपनीच्या तोफांची व पलटणींची वर्णनें आमच्या इतिहासांत पुष्कळ आहेत. त्या पलटणींचा पगार ज्या चिठ्ठ्यांवर चढून आला, त्यांचें वर्णन अजून थोडेंच झालें आहे.

मराठ्यांच्या इतिहासांत हुंडीचा प्रवेश फार पूर्वींचा. १६६६ त शिवाजी महाराज आग्र्यास अडकले असतां त्यांनीं कुंवर रामसिंगाकडून रक्कम उचलली व तिची फेड दक्षिणेंत मिर्झा राजाकडे व्हावी अशी योजना केली, हें राजस्थानी पत्रांवरून कळतें. शत्रूच्या राजधानींत, पहाऱ्यांत बसलेल्या मनुष्याची पत दक्षिणेंतल्या स्वतःच्या खजिन्यावर चालावी, हें हुंडीच्या व्यवहाराचें बळ. पुढें पेशवाईंत हिंगण्यांसारखे वकील दिल्लीस कायम राहूं लागले, फौजा हिंदुस्थानांत छावण्या करूं लागल्या, व काशीप्रयागास यात्रा, दानधर्म व अनुष्ठानें यांसाठीं दक्षिणेंतून पैसा जाऊं लागला. उत्तरेंतून खंडणीचा व चौथाईचा पैसा दक्षिणेकडे, आणि फौजेचा व धर्माचा पैसा दक्षिणेकडून उत्तरेकडे. हे दोन्ही ओघ एकाच सावकाराच्या वहींत समोरासमोर पडले, कीं त्यास रोकड हालविण्याचें कारण उरत नसे व दर सवंग ठेवणें परवडे.

परंतु या व्यवहाराची मर्यादा १७६० च्या मोहिमेंत स्पष्ट झाली. त्या वर्षीं ऑगस्टांत सदाशिवरावभाऊंनीं दिल्ली घेतली तेव्हां फौजेस पैशाची इतकी निकड होती कीं, दिवाण-इ-खासचें रुप्याचें छत काढून त्याचे रुपये पाडावे लागले. ऑक्टोबराच्या अखेरीस अब्दाली बागपतेस यमुना उतरून आला व दिल्लीची वाट तुटली; गोविंदपंत बुंदेल्यांकडून भरणा व्हावयाचा, ते डिसेंबरांत मारले गेले. अशा वेळीं हुंडीवर रक्कम कितीहि मोठी लिहिलेली असो, ती सकारून रोख मोजणारा आडत्या जवळपास नसेल तर ती नुसता कागद होय. हुंडी अंतर जिंकते, पण वेढा जिंकूं शकत नाहीं.

आणि तरीहि, पानिपतची पहिली खबर नानासाहेब पेशव्यांस वाटेंत मिळाली ती सावकाराच्या पत्रानें, मोत्यांमोहरांच्या सांकेतिक भाषेंत, असें प्रसिद्धच आहे. फौजेचे जासूद पोंचण्यापूर्वीं पेढीचा कासीद पोंचला. यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. ज्याचा पैसा शंभर पेठांत गुंतलेला, त्याला बातमी सर्वांआधीं हवीच. कारण हुंडणावळीचा दर हा बातमीवरच ठरावयाचा.

५. जाणत्याची रीत

राज्यांचें सोडून साध्या गृहस्थाकडे पाहूं. पुण्यांतील एकानें काशींत राहणाऱ्या आपल्या वडिलांस दरसाल पांचशें रुपये पाठवावयाचे आहेत असें समजूं. त्याच्या जवळचें नाणें पेढीच्या चलनाहून शेंकडा दोन हलकें, आणि काशीवरील हुंडणावळ शेंकडा तीन, असे आंकडे केवळ समजुतीसाठीं धरूं. पांचशांचे बट्टा वजा जातां चारशें नव्वद राहिले. त्यांत हुंडणावळीसह बसेल अशी हुंडी काढली तर ती सुमारें चारशें पावणेशहात्तरांची, म्हणजे ४७५॥। रुपयांची होते. सव्वाचोवीस रुपये वाटेंतच आटले. आतां त्याच्या खातेवहींत ‘काशीस ५००’ असें लिहिलें असेल व वडिलांच्या पत्रांत ‘४७५॥। पावले’ असें असेल, तर आजचा वाचक मध्यस्थावर अफरातफरीचा संशय घेण्यास चुकणार नाहीं. तो संशय व्यर्थ होय.

हा तोटा कमी करण्याच्या युक्त्या व्यवहाराच्या घडणींतच आहेत. पहिली, भरणा हलक्या नाण्यानें न करतां पेढी ज्यास पुरा भाव देते त्या नाण्यानें करावा, आणि मिळावयाचें नाणें हुंडींत नांवानें लिहून घ्यावें. नाहींतर एकच बट्टा दोन ठिकाणीं कापला जातो. दुसरी, निकड नसल्यास दर्शनीऐवजीं मुदती हुंडी घ्यावी, म्हणजे सावकार मुदतींतलें व्याज हुंडणावळींत सोडतो. तिसरी, थेट हुंडीचा दर व मधल्या पेठेवरून दोन टप्प्यांचा दर असे दोन्ही ताडून पाहावे; आडवाट कधीं कधीं सवंग असते. चौथी, उलट दिशेनें पैसा हवा असलेला गृहस्थ शोधावा. काशीचा कोणी पुण्यास पैसा आणूं पाहत असेल, तर दोघांनीं आपसांत वळतें केल्यास सावकाराचें कामच उरत नाहीं. आणि पांचवी, एकाच पेढीशीं वर्षानुवर्षें खातें ठेवावें. नित्याच्या गिऱ्हाइकास दर बोलण्याची जागा असते. अडल्या वेळीं आलेल्यास ती नसते.

अडलेपणाचें मोल काय असतें हें पेशव्यांच्या कर्जावरून दिसतें. पहिल्या बाजीरावांस कर्जानें किती गांजलें होतें, तें त्यांच्या ब्रह्मेंद्रस्वामींस लिहिलेल्या पत्रांवरून सर्वांस ठाऊक आहे. आणि थोरल्या माधवरावांनीं १७७२ त मृत्युशय्येवर जी यादी करविली, तींतहि कर्ज वारण्याची कळकळ आहे. तलवारीनें मिळविलेला मुलूख सावकाराच्या दरानें आंतून कुरतडला जात होता, हा त्या कागदांचा अर्थ.

६. पुढील काळ

१८३५ च्या कायद्यानें कंपनीचा एकशें ऐंशी ग्रेन वजनाचा, बारांत अकरा भाग चांदीचा रुपया इंग्रजी मुलखांत एकच झाला, आणि देशी सराफाच्या बट्ट्याचें क्षेत्र आकसत गेलें. तरी तें एकदम संपलें नाहीं. निजामाच्या राज्यांत हाली शिक्का विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालला. मराठवाड्यांतून पुण्यामुंबईस पैसा पाठवावयाचा तर शंभर कलदारांस एकशें सोळा रुपये व वर दोनतृतीयांश हाली, म्हणजे सात हालीस सहा कलदार, हा हिशेब तेथील व्यापाऱ्यांस व विद्यार्थ्यांच्या पालकांस तोंडपाठ असे. हुंडीसहि इंग्रजी कायद्यानें सर्वस्वीं गिळलें नाहीं. १८८१ च्या विक्रेय लेखांच्या कायद्यानें देशी भाषेंतील हुंड्यांच्या स्थानिक चालींस बाध आणला नाहीं.

बट्ट्याचा जुना प्रश्न मात्र मोठें रूप घेऊन पुढें आला. हिंदुस्थान सरकारास दरसाल विलायतेस कर्जाचें व्याज, पेन्शनें व इतर आकार पौंडांत पाठवावे लागत. त्यासाठीं भारतमंत्री लंडनांत कौन्सिल बिलें विकी. हिंदुस्थानांतला माल घेऊं पाहणारे व्यापारी तेथें पौंड भरून तीं घेत व येथें रुपये उचलीत. ताव्हेर्नियेनें आग्र्यास पाहिलेलाच हा व्यवहार: दोन उलट ओघ, एका वहींत वळते केलेले. फरक इतकाच कीं, येथें देणें सोन्याचें व उत्पन्न चांदीचें होतें. १८७० च्या सुमारास रुपया जवळजवळ दोन शिलिंगांचा होता, म्हणजे एका पौंडास दहा रुपये पुरत. चांदी उतरत जाऊन १८९४-९५ त रुपया सुमारें तेरा पेनींवर आला, तेव्हां त्याच पौंडास साडेअठरांच्या जवळपास रुपये लागूं लागले. देणें वाढलें नव्हतें. बट्टा वाढला होता, आणि तो शेवटीं रयतेच्या वसुलांतून भरावयाचा होता. १८९३ त सरकारानें टांकसाळी लोकांच्या चांदीस बंद केल्या व पुढें पौंडास पंधरा रुपये हा भाव स्थिर केला. दादाभाईंनीं ज्या संपत्तिवाहाचा प्रश्न आयुष्यभर मांडला, त्याचा हा मार्ग होता. संपत्ति किती जाते, याच्या जोडीस ती कोणत्या भावानें जाते, हाहि प्रश्न राष्ट्राच्या जिवाचा ठरला.

उपसंहार

यावरून निघणारे निष्कर्ष दोन. एक वाचनाविषयीं: जुन्या कागदांतील कोणतीहि रक्कम, तिचें नाणें, भरण्याचें ठिकाण व मुदत हीं पाहिल्याशिवाय दुसऱ्या रकमेशीं ताडूं नये. खंडणीचा ठरलेला आंकडा व खजिन्यांत पडलेला आंकडा यांत फरक दिसला कीं लगेच लबाडीचा निकाल देण्याची घाई आमच्याकडे फार होते. त्या फरकांतून आधीं बट्टा, हुंडणावळ व व्याज वजा करावें, मग उरेल त्याचा दोष ज्याचा त्याच्या माथीं मारावा.

दुसरा संग्रहाविषयीं. एकेकटा खोका क्षुल्लक दिसतो. त्यांत ना लढाई ना कारस्थान. पण एकाच पेढीचे वीस वर्षांचे खोके तिथीवार लावले, तर कोणत्या महिन्यांत कोणत्या वाटेचा भरंवसा उडाला व कधीं परतला, हें त्यांतील दरांवरून वाचतां येईल. बखरकार लढाईनंतर लिहितो. सावकार ती होण्यापूर्वीं दर चढवितो. म्हणून ज्यांच्या घरीं असे रुमाल असतील त्यांनीं ते फोडूं नयेत, सुट्या हुंड्या शोभेसाठीं निवडून बाकीच्या टाकूं नयेत, आणि ज्या क्रमानें त्या बांधलेल्या सांपडतील तो क्रम मोडूं नये. पुष्कळदां त्या क्रमांतच इतिहास असतो. दोरा तोडला म्हणजे तोहि तुटतो.